बाहेरून लावलेली कडी

बायनाबाई आपल्या दारात उभी राहून वाट बघतेय हे त्रिंबकला गल्लीच्या तोंडापासूनच दिसलं आणि त्यानं मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. म्हातारी दारात उभी राहिली की काम निघालंच म्हणून समजावं. पोराची दरखास्त लिहून द्या, नाहीतर जावयाच्या जमिनीचं कचेरीत जरा बघा. दिवसभर उर्दूत कैफियती उतरवून त्याची मान आखडली होती. वेशीतून आत शिरताना त्याला फक्त तांब्याभर गार पाणी आणि पाठ टेकायला जागा एवढंच हवं होतं. पण बायनाबाईनं आज काही मागितलं नाही. पदर डोक्यावर ओढत ती म्हणाली, "मुनशीजी, राग मानू नका. पर तुमचं कुत्रं दिसभर रडतंय."

"कोण, शिपाया? तो तर भुंकत बी न्हाई, बायनाबाई. दुसरं कुणाचं आसंल."

"भुंकायचं कोण म्हणतंय? रडतंय. वर तोंड करून, हेल काढून. तुमी कडी लावून वळणावर गेलाव की सुरू, अन् तुमी वेशीतनं आत आलाव की गप. पंधरा दिस झाले, आयकतेय. माझ्या सुनेला सातवा महिना हाय. भरल्या पोटाच्या बाईच्या कानावर रोज कुत्र्याचं रडणं, हे बरं का? तुमीच सांगा."

तो "बघतो" म्हणाला आणि कडी काढून आत गेला. शिपाया नेहमीसारखा उठला, शेपूट हलवत आला, पायाला अंग घासून मुकाट्यानं चुलीजवळ जाऊन बसला. तांबूस रंगाचं, एक कान मुडपलेलं, साधं गावठी कुत्रं. रडण्याचं काही चिन्ह नाही. पण रडण्याचं चिन्ह कुत्र्याच्या तोंडावर दिसायचं तरी कसं? त्रिंबक पाणी प्यायला आणि भिंतीला टेकून खोलीकडे बघत राहिला. उतरंड, वळणीवरचं धोतर, कोनाड्यातला दिवा, खुंटीला अडकवलेली बायकोची, सत्यभामाची, घागरीखाली डोक्यावर घ्यायची चुंबळ. आपण बाहेर पडलो की ही खोली तशीच थांबते, आपण आलो की पुन्हा चालू होते, असंच तो आजवर धरून चालला होता. आपल्यामागं या चार भिंतीत रोज सात-आठ तास काहीतरी घडत असतं आणि ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त आपल्यालाच नाही, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

शिपाया हे नाव बायकोनं ठेवलेलं. सत्यभामाला चेष्टेची भारी हौस. तो धर्मापुरीचा कुणब्याचा पोर, चार बुकं फारसी-उर्दू शिकून बीडच्या कचेरीत चिकटला, तर गावाकडच्यांना वाटलं पोरगं तहसीलदारच झालं. ही मात्र पहिल्याच महिन्यात ओळखून बसली की आपला नवरा म्हणजे कागदांचे बस्ते बांधणारा आणि सोडणारा माणूस. नदीच्या वाळूत सापडलेलं पिल्लू पदरात घालून आणलं आणि म्हणाली, "कचेरीत तुमाला कोण शिपाई देत न्हाई. घरी तरी आसू द्या एक." ती गेली त्याला साल झालं. त्यानंतर त्याची थोरली बहीण मुक्ताबाई घर सांभाळायला येऊन राहिली होती. कापसाच्या वेचणीला माणूस पाहिजे म्हणून पंधरा दिवसांमागं ती धर्मापुरीला परतली. म्हणजे वर्षभरात हे घर दिवसा रिकामं असं पंधरा दिवसच होतं. बायनाबाईचा हिशेब बरोबर जुळत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीच्या वेळी कडी लावली, नेहमीसारखा वळणापर्यंत गेला आणि मागच्या बोळातून फिरून बायनाबाईच्या गोठ्यात येऊन उभा राहिला. शेणाच्या वासात, म्हशीच्या पाठीशी, कचेरीच्या कपड्यात. बायनाबाईनं तोंडाला पदर लावला, पण ती हसली नाही. आधी काही नाही. मग नखं दारावर घासल्याचा आवाज. मग एक बारीक, प्रश्न विचारल्यासारखा सूर, आणि थोडं थांबून तो रडण्याचा हेल. लांब, चढत जाणारा, शेवटी तुटणारा. पुढची गोष्ट त्यानं कुणाला सांगितली असती तर लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं. हा आवाज त्यानं आधी कधीच ऐकला नव्हता, तरी तो त्याच्या ओळखीचा होता. वर्षापूर्वी पालीच्या रस्त्यावरच्या माळावर या आवाजाविषयी त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्या सांगण्यावर तो वर्षभर जगला होता.

निजामाच्या कागदांतलं फसली साल तेराशे अठ्ठावीस, त्या सालचा प्लेग. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, हा तर तेव्हा पोराबाळांनाही माहीत असलेला कायदा. सगळं बीड वेशीबाहेर, कडब्याच्या झोपड्या घालून राहिलेलं. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी सत्यभामाला ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी काखेत गाठ आली. गाठीच्या माणसाची झोपडी वेगळी, माळाच्या पार टोकाला. त्याच दिवशी कचेरीत पाटोद्याला कागद न्यायचे होते. आता खरं सांगायचं तर पेशकारानं, त्याच्या वरच्या कारकुनानं, कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. "मी जातो" असं त्रिंबकच म्हणाला. जीभ आपोआप वळली म्हणा, पण वळली. तो भ्याला होता. तिचा हात धरताना आपल्या हाताकडं बघत होता. पालीच्या छबुबाईला, जी आजाऱ्यांना पाणी-पेज द्यायला माळावर राहिली होती, तिला त्यानं सत्यभामाचंच एक नवं लुगडं दिलं आणि सांगितलं, बाई, हिला पाणी कमी पडू देऊ नकोस. मग सोबत पाहिजे म्हणून शिपायाला झोपडीबाहेरच्या मेढीला, पुढच्या खांबाला, बांधलं. कोल्हं आत शिरायला नको म्हणून दाराची ताटी बाहेरून सुतळीनं बांधली. आतून ती म्हणाली, "उद्या दिवस मावळायच्या आत येताव नव्हं?" तो म्हणाला, "येतो." पाटोद्याचं काम जाऊन-येऊन दोन दिवसांचं होतं. तो पाचव्या दिवशी आला.

छबुबाईनं तेव्हा लांबूनच हात हलवला होता. "निवांत गेल्या बघा, मुनशीजी. तुमची पाठ फिरली अन् कुत्र्याला यम दिसला. लागलं वर तोंड करून रडाया." हे वाक्य त्रिंबकनं उचललं आणि कनवटीला लावलं. कुत्र्याला यम दिसतो, हे त्याच्या आज्यापणज्यापासून चालत आलेलं. म्हणजे तो निघाला तेव्हाच यम दारात येऊन बसला होता. मग आपण थांबलो असतो तरी काय होणार होतं? पाण्याला काय अन् औषधाला काय, लिहिलेलं कुणाला पुसता येतंय? वर्षभर रोज झोपताना तो हेच मनाशी घोळवी आणि त्याला झोप लागे. आणि आता म्हशीआड उभं राहून तो ऐकत होता की यम रोज सकाळी तो वळणावर गेला की येतो आणि संध्याकाळी तो वेशीत शिरला की जातो. असला कसला यम? कचेरीच्या वेळा पाळणारा?

त्या दिवशी त्यानं तीन कैफियती चुकवल्या. पेशकार म्हणाला, "क्या मियाँ, तबीयत ठीक नहीं?" त्यानं मान हलवली. दौत सांडली. कुत्रं माझ्यासाठी रडतं, मग माळावर कुणासाठी रडत होतं? एवढा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर शेंबड्या पोरालाही देता आलं असतं. पण त्याच्यामागं दुसरा प्रश्न उभा होता आणि त्याच्याकडं तो बघत नव्हता. बघायला नको म्हणून तो पहिल्यावरच काम करायला लागला. आपण कुत्र्याचं रडणं बंद करू. म्हाताऱ्या बाईच्या सुनेसाठी. तिच्या पोटातल्या जिवासाठी. असं चांगलं कारण मिळालं की माणसाला किती बरं वाटतं.

नदीच्या पलीकडं म्हाळू धनगराची मेंढरं बसत. त्याची तीन कुत्री वाड्यावर एकटी राहत, म्हाळू बाजार करून येई तोवर हूं की चूं करत नसत. त्रिंबकनं त्याला गाठलं. म्हाळूनं आधी तंबाखू मळली, मग गालातल्या गालात हसला. "मुनशीजी, तुमी जाताना त्याचं लाड करताव का?"

"डोक्यावर हात फिरवतो."

"तिथंच चुकतंय. जाताना बी न्हाई अन् आल्यावर बी न्हाई. जाणं-येणं म्हंजी काय मोठं, आसं वाटलं पायजे त्याला. तुमच्या आंगाचं कापड ठिवा त्याच्याजवळ. भाकरीचा तुकडा चिंधीत बांधून टाका, सोडवीत बसंल. अन् कडी लावून दहा पावलं जा. रडायच्या आत माघारी या. मंग ईस पावलं. मंग वळणापत्तर. आठ-पंधरा दिसात शिकतंय."

"अन् रडायला लागलं तर?"

"तर मातर दार उघडायचं न्हाई. किती बी रडू द्या. रडताना उघडलं की त्याला वाटतंय रडलं की माणूस येतंय. मंग ते जलमभर रडतंय." म्हाळूनं चिमूट ओठात धरली. "गप झाल्याबिगर उघडायचं न्हाई. थोडं काळीज घट करावं लागतंय."

तर तसं सुरू झालं. सकाळी कचेरीआधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर मुनशी कडी लावतोय, दहा पावलं जातोय, परत येतोय, कडी काढतोय. गल्लीतल्या पोरींनी त्याला बघून खेळच केला. बायनाबाई सुनेला म्हणाली, ह्याला देवाभोवती फिरायचं सुचलं न्हाई, कुत्र्याभोवती फिरतोय. पण ती रोज विचारायचीही, आज किती झालं. अंगाचं कापड म्हणून त्यानं आपलं उपरणं टाकलं, तर शिपायानं ते हुंगलं आणि सोडून दिलं. सत्यभामाचं कापड तर एकही उरलं नव्हतं. प्लेगनंतर सगळं जाळायचं, ती रीतच. फक्त चुंबळ राहिली होती, माळावर न नेल्यामुळं. तेल-घामानं काळी पडलेली, तिच्या डोक्याच्या आकाराची. त्यानं ती खुंटीवरून काढून चुलीपाशी ठेवली. शिपाया तिच्यावर हनुवटी टेकून बसला आणि त्या दिवशी वळणापर्यंत काही आवाज आला नाही. बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्रिंबक तिथंच वळणावर कान देऊन उभा राहिला.

कारण बाहेर उभं राहून ऐकणं हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं. कडी लावली की कानात प्राण आणून उभं राहायचं. नखांचा आवाज, श्वासाचा आवाज, चिंधी ओढल्याचा आवाज. कधी रडणं सुरू झालं तर मुठी वळून दारापाशी थांबायचं आणि उघडायचं नाही. एका सकाळी असं दोन घटका चाललं. आत कुत्रं रडतंय, हा बाहेर कडीवर हात ठेवून उभा, आणि त्या कडीकडं बघता बघता त्याला दुसरी एक गोष्ट दिसली. ती त्याला दिसत नव्हती असं नाही. पाचव्या दिवशी माळावर आला तेव्हाच दिसली होती आणि त्यानं तिच्यावरून नजर उचलून बाजूला ठेवली होती. ताटीची सुतळी. कचेरीत बस्ता बांधायची एक गाठ असते. दोन वेढे, मधून टोक काढून उलटं आवळायचं. बीडच्या कचेरीबाहेर तशी गाठ कुणाला येत नाही, कुणब्याला नाही, धनगराला नाही, छबुबाईला तर नाहीच. त्यानं निघताना तीच मारली होती, हाताला सवय म्हणून. आणि पाचव्या दिवशी तीच गाठ, तशीच, त्याच जागी होती. त्यानं स्वतःच्या नखानं ती सोडवली होती. आत शिपाया गप झाला तेव्हा म्हाळूच्या सांगण्याप्रमाणं त्यानं दार उघडलं. आत जाऊन तो चुलीसमोर बसला आणि त्या दिवशी कचेरीला गेला नाही.

शेवटी एका शुक्रवारी, कचेरीला सुटी असते त्या दिवशी, तो पालीला निघाला. निघताना शिपायाकडं बघितलं नाही, डोक्यावर हात फिरवला नाही. चिंधी टाकली, कडी लावली. सगळा दिवस कुत्रं एकटं राहण्याची ही पहिली परीक्षा, असं त्यानं बायनाबाईला सांगितलं. वाटेत तो माळ लागला. आता तिथं करडई पेरली होती. झोपड्यांची जागा कुठं होती ते कळत नव्हतं आणि त्यानं शोधलीही नाही.

छबुबाई अंगणात तूर झोडत होती. अंगावर तेच लुगडं होतं, विरून फिकं पडलेलं. त्याला बघून ती थांबली, पदर सावरला आणि घोंगडी टाकली. त्यानं पाणी घेतलं नाही. "छबुबाई," तो म्हणाला, "मी भांडाया आलो न्हाई. कुत्र्याचं विचाराया आलो. माळावर ते किती दिवस रडलं?"

"दोन दिस, दोन राती," ती म्हणाली. "तुमी गेलाव तवापस्नं. मुनशीजी, खोटं कावून बोलू? कुणी गेलं न्हाई जवळ. मी बी न्हाई. कुत्र्याला यम दिसतोय म्हणल्यावर कोण जातंय? माझी बी लेकरं हायती. पाण्याचं मडकं ठिवलं दहा पावलावर अन् आवाज दिला, बाई, घ्या."

"ताटी बाहेरून बांधली होती."

"ते मला ठाव न्हवतं."

"ती काही बोलली?"

छबुबाईनं काठी खाली ठेवली. "म्हणत व्हत्या, शिपायाला सोडा. आरडून आरडून म्हणत व्हत्या. त्याला यम-बीम काई दिसत न्हाई, ते त्यांच्यामागं जायाला रडतंय, सोडा त्याला, ते गेलं की रडणं थांबंल, मंग तर जवळ याल नव्हं तुमी. आमी म्हणलं तापात बरळतेय बाई." तिनं काठी पुन्हा उचलली. "तिसऱ्या दिशी दोघं बी गप झाले. आमी म्हणलं, सुटली."

"त्याच दिवशी गेली?"

"आता ते कुणाला ठाव, मुनशीजी. आत कुणी बघितलं?"

परतीच्या वाटेवर त्याला कसलाच विचार आला नाही. लोक म्हणतात डोकं फुटायची वेळ येते, डोळ्याला धार लागते. तसलं काही झालं नाही. पाय चालत होते. एका बैलगाडीवाल्यानं "बसा" म्हटलं तर तो बसला आणि वेशीपाशी उतरला. इतकंच वाटत होतं की घरी कुत्रं आहे. या जगात एक जीव असा आहे जो आपल्यासाठी रडतो, आणि दार उघडलं की थांबतो. आज दार उघडून त्याच्याजवळ बसायचं, त्याच्या डोक्यावर हात फिरवायचा, म्हाळूचं सांगणं गेलं खड्ड्यात. उद्यापासून त्याला कचेरीच्या ओट्यावर नेऊन बांधायचं, पेशकार काय म्हणायचं ते म्हणू दे.

बायनाबाई दारात उभी होती आणि आज तिचं तोंड फुललं होतं. "शिकलं बघा, मुनशीजी. सकाळी दोन घटका रडलं आसंल, मंग जे गप झालं ते आत्तापत्तर. सून दुपारी डोळाभर झोपली. देव तुमचं भलं करो."

त्यानं कडी काढली. शिपाया चुलीपाशी चुंबळीवर हनुवटी टेकून पडला होता. उठला नाही. भाकरीची चिंधी होती तिथंच, गाठसुद्धा न सोडवलेली. त्रिंबक दारातच थबकला. मेलं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग दिसलं की पोट हलतंय. डोळे उघडे होते आणि दाराकडंच होते. "शिपाया," त्यानं हाक मारली. मुडपलेला कान किंचित हलला. डोळे त्याच्यावर आले, थोडा वेळ राहिले आणि पुन्हा दाराच्या फळीवर गेले. आता तिथं फळी नव्हती, नुसता उजेड होता, तरी ते तिथंच बघत राहिलं. त्रिंबक खाली बसला. त्यानं त्याच्या डोक्यावर हात फिरवला, पाठीवर फिरवला, तोंडाजवळ पाणी नेलं. कुत्र्यानं दोन वेळा जीभ लावली आणि हनुवटी परत चुंबळीवर ठेवली.

गप होणं म्हणजे मरणं नव्हे, हे त्याला एवढ्या जवळून कुणी कधी दाखवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सत्यभामा गप झाली. आणि तिसरा दिवस गेला, चौथा दिवस गेला, आणि चौथ्या दिवशी तो पाटोद्याच्या बाजारात स्वतःसाठी चपला बघत फिरत होता. ती अशीच पडली असेल, पोट हलत असेल, डोळे ताटीकडं असतील. कोणी येणार नाही हे तिला कळलं असेल, आणि कळल्यावर माणूस ओरडत नाही. तो निघाला तेव्हा यम कुठंच नव्हता. ताटी होती, सुतळी होती, गाठ होती.

तो उठला. बाहेर आला. दार ओढून घेतलं आणि कडी लावली. वळणापर्यंत गेला, वळणाच्या पलीकडं जाऊन शंभरपर्यंत आकडे मोजले आणि परत येऊन दाराच्या फळीला कान लावला. आत काही नव्हतं. नखं नाहीत, श्वास नाही, तो बारीक सूर नाही. तिन्हीसांजेची वेळ, चुलींचा धूर गल्लीत उतरलेला, आणि हा फळीला कान लावून उभा. "रड की रं," तो फळीला म्हणाला. "शिपाया, रड. मी हाय हितं. ह्या खेपेला लगेच उघडतो."

बायनाबाई दिवा घेऊन ओसरीवर आली आणि त्याच्याकडं बघत थांबली. "मुनशीजी," ती हळू आवाजात म्हणाली, "कशाला परत परत बघताव? रडत न्हाई ते आता. जा की आत."

"जातो," तो म्हणाला, आणि कडीवर हात ठेवून तिथंच उभा राहिला.